बॅनरवरची माळ

परमेश्वरने चहाचा पहिला घोट घेतला आणि ओळखलं, की घरात काहीतरी बिनसलंय. चहात साखर नव्हती. मोहिनी साखर विसरणाऱ्यातली नव्हती. ती साखर काढून घेणाऱ्यातली होती.

"साखर संपली का गं?"

"डबा भरलाय."

"मग?"

"मग काय? तुमी माज्या बाच्या गळ्यातली माळ काढली, मी तुमच्या चहातली साखर काढली. बराबर झालं."

परमेश्वरने कप खाली ठेवला. सासऱ्याच्या गळ्याला त्याने उभ्या जन्मात हात लावला नव्हता. पायाला लावला होता, तोही दिवाळीला. त्याचे सासरे नामाजी हे खडकदरीचे जुने मेंढपाळ. गळ्यात तुळशीची माळ पडून इतकी वर्षं झाली होती, की मण्यांचा आणि मानेचा रंग एक होऊन गेला होता. शेळ्या-मेंढ्या पाळायच्या, जवळा बाजारच्या आठवडी बाजारात विकायच्या, आणि मटणाचा वास आला की रस्ता बदलायचा, असा त्यांचा नेम. गावातले टवाळ म्हणायचे, "नामाजीच्या घरचं बोकड लई नशीबवान. मरतं ते दुसऱ्याच्या दारात." माळ घालणं म्हणजे मांस-मच्छी सुटणं, आणि माळ काढणं म्हणजे तिकडे पुन्हा वळणं, हे खडकदरीत शाळेत न गेलेल्यालाही पाठ होतं. त्यामुळे नामाजीच्या गळ्यातली माळ गेली, हे वाक्यच मुळात गावात कुणी कधी बोललं नव्हतं.

"मी कशाला काढू मामांची माळ?"

"जाऊन बगा की खडकदरीच्या कमानीला. तुमीच केलेला सप्ताहाचा बॅनर लागलाय. माझा बा उभाय, हातात वीणा हाय, टोपी हाय, उपरणं हाय. माळ न्हाई. अन् शेजारी नरसिंगराव हायेत, त्यायच्या गळ्यात हाय."

"नरसिंगरावाच्या गळ्यात?"

"टपोऱ्या मण्याची," मोहिनी म्हणाली आणि रिकामा नसलेला कप उचलून घेऊन गेली.

परमेश्वरचा जवळा बाजारात 'मोहिनी फोटो स्टुडिओ' होता. नाव बायकोचं होतं, आणि खडकदरीला जाताना मोटारसायकलवर त्याला तेच पुन्हा पुन्हा आठवत होतं. कमानीखाली गाडी लावून त्याने मान वर केली. मोहिनी एक अक्षर वाढवून बोलली नव्हती. बॅनरवर नामाजींचा गळा नुकत्याच सारवलेल्या ओट्यासारखा स्वच्छ होता, आणि नरसिंगरावांच्या गळ्यात अशी माळ होती की तिच्या मण्यामण्यावर उजेड चमकत होता.

असं झालं कसं, हे परमेश्वरला तिथे उभ्या उभ्याच उमगलं.

सप्ताहाची ती पहिली संध्याकाळ होती. मंदिरात भजन उभं राहिलं होतं, वीणा नामाजींच्या गळ्यात होती. दरवर्षी सप्ताहात वीणेचे पहारे पुष्कळ जण करायचे, पण सुरुवातीची आणि काल्याच्या कीर्तनाची वीणा नामाजींची, हे ठरलेलं. नरसिंगराव जिल्हा परिषदेला उभे राहणार होते, म्हणून औंदाचा महाप्रसाद त्यांच्याकडे होता. ते भजनाला यायचे ते फोटो निघेपर्यंत. त्या दिवशीही आले, नामाजींच्या शेजारी उभे राहिले, चेहऱ्यावर भक्ती आणली, आणि नेमकी लाईट गेली.

जनरेटर सुरू होईना. उरल्या दोन समया. फ्लॅश मारायची सोय नव्हती, कारण मागच्या साली परमेश्वरने पखवाजवाल्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारला होता आणि चढत्या लयीत आलेलं अख्खं भजन बैल बुजल्यासारखं रस्ता सोडून गेलं होतं. तेव्हापासून मंदिरात फ्लॅशला बंदी. मग परमेश्वरने कॅमेऱ्याचं आयएसओ पार वरपर्यंत चढवलं आणि फोटो काढला.

आयएसओ वाढवलं म्हणजे उजेड वाढतो, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कीर्तनात मागच्या लोकांना ऐकू जावं म्हणून माईकवाला आवाज वाढवतो, तेव्हा महाराजांच्या शब्दांबरोबर पंख्याची घरघर आणि टाळकऱ्याचा खोकलाही मोठा होऊन येतो. कॅमेऱ्याचं तसंच. उजेड होता तेवढाच राहतो, त्यातली खरखर मोठी होते. फोटोत ती लाल, हिरव्या, करड्या ठिपक्यांनी दिसते. शहरातले फोटोग्राफर तिला नॉईज म्हणतात. जवळा बाजारात म्हणतात, फोटोला दाणे आले.

त्या फोटोला असे दाणे आले होते, की नरसिंगरावांच्या गालावर जणू कुणी ज्वारीची कणी फेकून मारली होती. त्यांचा धाकटा भाऊ स्वप्निल बॅनरचं काम बघायचा. तो स्टुडिओत खुर्ची ओढून बसला.

"दादाच्या तोंडावर गोवर उठल्यावानी दिसून राहिला बे. दाणे काढ."

"थोडे राहू दे. समदे काढले की माणूस मेणाचा दिसतो."

"दिसू दे. दादा गुळगुळीत पायजे."

परमेश्वरने नुकताच कॉम्प्युटरवर दाणे काढायचा एक नवा, हुशार प्रोग्राम घेतला होता. त्याची रीत सोपी होती. प्रत्येक ठिपक्याने आपल्या शेजाऱ्यांकडे बघायचं. शेजारी गोरे तर आपण गोरं व्हायचं, शेजारी सावळे तर सावळं. चारचौघांपेक्षा वेगळा दिसला तो दाणा, त्याला पुसून टाकायचं. खडकदरीची रीतही हीच असल्यामुळे परमेश्वरला त्यात काही खटकलं नाही. त्याने स्क्रीनवरची दाणे काढायची पट्टी शेवटपर्यंत सरकवली.

नामाजींची माळ जुनी, झिजलेली, मानेच्या रंगाची. प्रोग्रामला ती दाण्यांतले दाणे वाटली. पुसली गेली. नरसिंगरावांच्या गळ्यात माळ नव्हतीच. तिथे होता ब्लूटूथचा काळा पट्टा, कारण त्या संध्याकाळी क्रिकेटची मॅच होती आणि राव एका कानाने भजन, एका कानाने मॅच ऐकत होते. दाण्यांमुळे तो पट्टा फुटक्या फुटक्या ठिपक्यांचा दिसत होता. प्रोग्राम हुशार म्हणजे असा हुशार, की अर्धवट दिसेल ते अंदाजाने पुरं करायचं. त्याने बघितलं, शेजारी वीणा, टाळ, कपाळाला बुक्का. अशा जागी गळ्यात काय असणार? त्याने मणी ओवले. बिचारा भाबडा होता. भजनात उभं राहून माणूस मॅच ऐकतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि परमेश्वर? स्वप्निलच्या धाकाने तो तेवढा वेळ नरसिंगरावांच्या गालाकडेच बघत होता.

त्याने कमानीखालूनच सासऱ्याच्या घरचा रस्ता धरला. अंगणात शेळ्या नेहमीसारख्या होत्या, पण नामाजी नव्हते. सासू कौशल्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या.

"या पाव्हणं," त्या म्हणाल्या, पण पाट सरकवला नाही. "तुमच्या फोटूनं घरात आग लावली बगा."

"मामी, फोटो चुकलाय. मामांची माळ जागच्या जागी हाय."

"ते मला ठावं हाय. पर मी इचारलं त्यायला. म्हटलं, मागल्या बाजारी तुमी कुणाच्या गाड्यावर बसले व्हते? म्हणले, भज्याच्या. म्हटलं, भजे कशाचे? म्हणले, कांद्याचे."

"मग?"

"मग काय, तवापासून माज्याशी बोलत न्हाईत. म्हणले, लोकायचं सोड, तू बी इचारतीस?"

नामाजी मंदिरात सापडले. खांबाला टेकून बसले होते. सप्ताहाच्या कमिटीने सकाळीच त्यांच्याकडची वीणा काढून घेतली होती. काढून घेतली असं कुणी म्हणत नव्हतं. "जरा इसावा घ्या, नामाजी," असं म्हणाले होते. वीणा आता कमिटीतल्या एका तरण्याबांड गड्याकडे होती. तो ती शेतातलं कोळपं धरल्यासारखी धरून उभा होता. नामाजींचे हात मांडीवर मोकळे पडले होते आणि उजव्या हाताचा अंगठा आपल्याआपण हलत होता, नसलेल्या तारेवर.

"मामा, माळ दाखवा ना ह्यायला," परमेश्वर म्हणाला. "गळ्यातच हाय की."

"दावली," नामाजी म्हणाले. "म्हणले, फोटू काढला तवा नव्हती, फोटू लागल्यावर घातली."

"असं कसं म्हणतेत?"

"फोटू कशाला खोटं बोलंल, म्हणले. त्याला काय इलेक्शन लढवायचंय?"

परमेश्वर उठला आणि कमिटीच्या लोकांपुढे मोबाईल धरून उभा राहिला. मूळ फोटो त्याच्याकडे होता. दाण्यांसकट. त्याने सासऱ्याचा गळा मोठा करून दाखवला. "हे बगा. हे मणी. हा एक, हा एक."

कमिटीतल्या जाणत्याने चष्मा वर केला, खाली केला. "परमेश्वरा, ह्यात समदे दाणेच हायेत. ह्यो मणी अन् ह्यो दाणा, हे तुला कुणी सांगितलं? त्यायच्या नाकावर बी दिसून राहिले की. नाकात माळ घातलीय का?"

लोक हसले. परमेश्वरने अजून मोठा केला. मोठा केला तेवढे दाणे मोठे झाले.

"तू जावई हाय," जाणता समजुतीने म्हणाला. "तू म्हणणारच."

परत खांबाशी आला तेव्हा नामाजी शांत आवाजात म्हणाले, "पाव्हणं, उगं तकलीफ घेऊ नका. माळ मला ठावं हाय, पांडुरंगाला ठावं हाय. पर वीणा लोकायच्या हातात हाय. काल्याच्या कीर्तनात वीणा घेऊन उभं ऱ्हायलो, की वाटतं वरीस भरलं. औंदा..."  अंगठा थांबला.

संध्याकाळी घरी साखरेचा प्रश्न उरला नव्हता. चहाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी परमेश्वर नरसिंगरावांच्या घरी गेला. आता नरसिंगरावांनी स्वतःच सांगितलं, की माझ्या गळ्यात माळ नव्हती, फोटो चुकलाय, तर नामाजीही सुटले असते. गोष्ट सरळ होती. राव ओसरीत बसले होते आणि त्यांचा चेहरा बॅनरवरच्याइतका गुळगुळीत नव्हता.

"ये. तुझीच वाट बघून राहिलो," राव म्हणाले. "माझ्या गळ्यात माळ काहून घातली बे?"

"मी न्हाई घातली, राव. प्रोग्रामनं."

"तुझ्या प्रोग्रामनं मला उपाशी मारलं. काल औंढ्याच्या रोडला धाब्यावर गेलो. बसलो. रस्सा मागवला. त्यो धाबेवाला हात जोडून उभा. म्हणतो, राव, आता तुमाला कसं वाढू? मला पाप लागंल. अन् शेवभाजी आणून ठेवली माझ्या म्होरं. बाजूच्या टेबलावरचे पोट्टे उठून रामकृष्ण हरी म्हणले. त्यायच्या ताटातल्या नळ्या बघत मी शेवभाजी खाल्ली."

"म्हणूनच आलो," परमेश्वर घाईने म्हणाला. "बॅनर उतरवू. तुमी एवढं सांगा, की फोटो चुकलाय."

राव उत्तर देणार, एवढ्यात आतून त्यांची आई भिकाबाई आली. भिंतीला हात लावत आली. डोळ्यांत मोतीबिंदू, गळ्यात माळ, आणि गावातलं एकही कीर्तन न चुकवलेली म्हातारी. तिने लेकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"परमेश्वरा, तुज्यामुळं कळलं रे बाबा. ह्यो मला बोलला बी न्हाई. गुपचूप माळ घातली माज्या नरसिंगानं. मी बॅनरला हात लावून आले. आता मरायला मोकळी झाले."

"आई..." राव म्हणाले.

"काही बोलू नगंस. आज पुरण घातलंय. अन् ती कोंबडे कापायची सुरी मी शेजारी देऊन टाकली."

ती आत गेली.  मग नरसिंगरावांच्या डोळ्यांत हळूहळू वेगळाच उजेड आला. परमेश्वरला तो ओळखीचा वाटला, भाषणाआधी यायचा.

"काल भजनी मंडळाचे लोक येऊन गेले," राव म्हणाले. "चार गावचे. म्हणले, माळकरी माणूस उभा ऱ्हायला तर आमचं ठरलं. परमेश्वरा, बॅनर राहू दे."

"अन् मामा?"

"त्यायच्या गळ्यात बी टाक की एक माळ. तुझ्या कॉम्प्युटरला काय अवघड हाय? नवा बॅनर लाव. ह्याच्याहून मोठा."

ही युक्ती परमेश्वरला त्या घडीला पटली. ज्या माणसाला घरी चहा मिळत नाही, त्याला काहीही पटतं. त्याने रात्र न करता काम उरकलं, मूळ फोटोतले मणी धूसर आले म्हणून दुसऱ्याच एका फोटोतली ठळक माळ उचलून सासऱ्याच्या गळ्यात बसवली. हिंगोलीहून फ्लेक्स छापून आला. कमानीला चढला. वर चढल्यावर दिसलं, की माळ जरा ठळकच झाली होती. पोळ्याच्या बैलाला शोभली असती.

"बगा," कमिटीतला जाणता म्हणाला, "पहिल्या फोटूत नव्हती, दुसऱ्या फोटूत आली. आता तर पुरावाच झाला."

मोहिनी नवा बॅनर बघायला खडकदरीला गेली आणि माहेरीच राहिली. निरोप धाडला: "फोटोतली भाकर खा."

तिकडे नरसिंगरावांचं बरं चाललं होतं असंही नाही. ऊन तापलेलं, आणि राव गळ्याभोवती उपरणं घट्ट गुंडाळून हिंडायचे. आत माळ नाही हे कुणाला दिसू नये. लोक म्हणाले, कसा नम्र माणूस, माळ मिरवत नाही. दारोदार त्यांच्यासाठी साबुदाणा शिजला. आणि नामाजी रोज येऊन त्याच खांबाशी बसत राहिले.

काल्याच्या दिवशी सकाळी मंडप भरला. कीर्तनाला वसराममहाराज आले होते, साखरा गावाकडच्या तांड्यावरचे. आवाज असा, की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला डोळे पुसावे लागायचे. गोकुळातला खेळ त्यांनी असा उभा केला, की मंडपातली माणसं आपापल्या शिदोऱ्या उघडून बसल्यासारखी दिसू लागली. कुणाची भाकर जाड, कुणाची पातळ, देवाने सगळी एकत्र केली, कुणाची कुठली ओळखू येईना, असं ते सांगत होते. टाळ चढले, आणि अचानक महाराजांनी हात वर केला. सगळं थांबलं.

"वीणा कुणाकडं हाय?"

तरणाबांड गडी पुढे आला.

"नामाजी कुठंय?"

 कमिटीतला जाणता उठून महाराजांच्या कानाशी लागला.

"मोठ्यानं सांगा," महाराज म्हणाले. "माईक चालू हाय, लोकायला अर्धं ऐकू जाऊन राहिलं."

"त्यायनं माळ काढली व्हती म्हणतेत," जाणता पुटपुटला. "फोटूत दिसली न्हाई."

"फोटोत शेजारी कोण व्हतं?"

"नरसिंगराव."

"मग फोटोला कशाला विचारता? राव म्होरंच बसलेत की. अन् आता माळकरी झालेत म्हणे. माळकऱ्याच्या तोंडून खोटं निघत न्हाई. राव, उभे ऱ्हा. त्या सांजेला नामाजीच्या गळ्यात माळ व्हती का न्हाई?"

परमेश्वर कॅमेरा धरून खांबाआड उभा होता.  हे एक वाक्य चार दिवसांपूर्वी मिळालं असतं तर, असं त्याला वाटलं. नरसिंगराव उभे राहिले. पुढे भरलेला मंडप बघितला की त्यांचं जे व्हायचं तेच झालं. नामाजीच्या वस्तीवरचे लोक एका बाजूला बसले होते; त्यांच्याकडे बघत रावांनी हात उंचावला.

"व्हती. मी डोळ्यानं बघितली. नामाजीअण्णासारखा माणूस माळ काढीन व्हय?"

लोकांनी टाळ्या दिल्या. टाळ्या मिळाल्यावर राव कधी एका वाक्यावर थांबले नव्हते.

"अन् फोटोवर काय भरवसा ठेवता? मशीन ती. असलेलं खाती, नसलेलं दाखवती."

बोलून गेले, आणि मग त्यांना स्वतःचं बोलणं ऐकू आलं. मंडपातही ते सगळ्यांना एकदमच ऐकू आलं असावं. कारण शेकडो डोळे रावांच्या चेहऱ्यावरून वीतभर खाली उतरले आणि उपरण्यावर येऊन थांबले.

"नसलेलं दाखवती म्हणता?" महाराज फार मायेने म्हणाले. "मग उपरणं जरा सारा, राव. फोटोची पारख व्हऊन जाऊ द्या."

रावांचा हात उपरण्यावर गेला आणि तिथेच राहिला. त्याच वेळी कुणाचा तरी फोन आला असावा. उपरण्याच्या आतून घर्र घर्र असा आवाज झाला आणि उपरणं थरथरलं. थांबलं. पुन्हा थरथरलं.

"आतल्या आत नामस्मरण चालू दिसतंय," महाराज म्हणाले.

पहिल्यांदा बायकांकडून हसू फुटलं, मग मंडपाने आवरायचं सोडून दिलं. नरसिंगरावांनी आईकडे बघितलं. भिकाबाई पुढच्याच रांगेत होती. ती हसत नव्हती. पदर सावरत, लोकांना हात लावत ती उठली, लेकापर्यंत आली आणि तिने उपरणं काढलं. आतला काळा पट्टा काढला. तो गुंडाळून कमरेला खोचला. मग महाराजांकडे तोंड करून उभी राहिली.

महाराजांनी झोळीत हात घातला. नवी कोरी तुळशीची माळ बाहेर आली.

"फोटो चुकला न्हाई, राव," ते म्हणाले. "त्याला घाई झाली. तुमची माळ आजची व्हती, त्यानं आधीच दाखवली. वाका."

चार गावची भजनी मंडळं समोर, आई शेजारी. नरसिंगराव वाकले. वाकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भक्तीने. परमेश्वरला वाटलं, औंढ्याच्या रोडची आठवण आली असावी.

मग कुणीतरी वीणा नामाजींपुढे नेली. माफी कुणी मागितली नाही. गावाची तशी पद्धत नव्हती. वीणा हातात दिली आणि वाट करून दिली, एवढंच. नामाजींनी टोपी नीट केली, वीणा गळ्यात घेतली आणि अंगठा तारेवर ठेवला. या खेपेला तार होती. परमेश्वरने फोटो काढला. तो जरा हलला, पण त्याने तो कधीच दुरुस्त केला नाही.

निवडणूक पुढे गेली. एकदा नव्हे, दोनदा गेली. माळ राहिली.

एका दुपारी भिकाबाई जवळा बाजारात आली ती थेट स्टुडिओत. मोहिनीने तिला बाकावर बसवलं आणि आतून चहा आणला. साखर अशी, की कप ओठाला चिकटावा. हल्ली परमेश्वरला तसाच मिळायचा; दिवस बरे होते.

"आजी, एवढ्या उन्हात?" परमेश्वर म्हणाला. "अन् नजर कशी हाय आता?"

"मोतीबिंदू डोळ्यात हाय, डोक्यात न्हाई," भिकाबाई म्हणाली. तिने चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "एक इचारू? तुला खरंच वाटलं, मला त्या बॅनरवरची माळ खरी वाटली?"

परमेश्वरने स्टूल ओढून तिच्यासमोर घेतलं.

"आरं, त्यो पट्टा रोज मीच चार्जिंगला लावते की. त्यो येऊन पडतो, पट्टा खुंटीला टांगतो. मला वळखू येत न्हाई व्हय, कुठं काय व्हतं ते? बॅनर बघितला अन् म्हटलं, इतके वरीस सांगून ह्यो ऐकंना, आता मशीनच म्हणती तर म्हणू दे. म्हणून समद्या गावात सांगत सुटले."

"अन् आमचा बा?" मोहिनीचा आवाज जरा चढला.

"ते मातर चुकलंच माय. नामाजीचं मला उशिरा कळलं. कळलं तशी पोरीच्या गावाला जाते म्हणून निघाले अन् महाराजाच्या पाया पडून आले. म्हटलं, महाराज, एक माळ झोळीत घेऊन या, अन् माज्या पोराला बोलायला उभं करा. बाकी त्यो सोताच करतो."

ती चहा पिऊन झाली. कमरेच्या पिशवीची गाठ सोडली, आतून एक फोटो काढला आणि टेबलावर परमेश्वरपुढे सरकवला. स्वप्निल होता. मोबाईलवर काढलेला, अंधारातला, दाण्यांनी भरलेला फोटो. गळ्यात काळा पट्टा.

"ह्यो बी तसाच हाय धाकटा," भिकाबाई म्हणाली. "ह्याचे काढ बरं दाणे. समदे."